छोटा टेरियर घरी आणण्यापूर्वी



उन्हाळ्यात लग्नकार्यासाठी शहरातले पाहुणे गावी येतात आणि हल्ली त्यांच्याबरोबर एखादे लहानसे, पांढऱ्या-तपकिरी रंगाचे, टुणटुणीत कुत्रेही येते. चार दिवस ते अंगणभर बागडते, पोरांच्या मागे धावते, धान्याच्या खोलीत शिरून एखादा उंदीर पकडून दाखवते. पाहुणे परत निघाले की घरातली मुले हट्ट धरून बसतात, "आपल्यालाही असाच कुत्रा हवा!" घरधनीही मनात हिशेब करतो. मोठा कुत्रा पोसण्यापेक्षा हा बरा. खातो थोडे, जागा अडवत नाही, वर उंदीर मारील. मग शहरातल्या भाच्याला फोन जातो आणि पंधरा दिवसांत टोपलीतून पिल्लू घरी येते.

आमच्या घरी अगदी असेच झाले. त्या पिल्लाचे नाव मुलांनी बंड्या ठेवले. बंड्या आमच्याकडे जेमतेम दोन वर्षे राहिला. तो गेला तो आमच्याच चुकीने गेला. कसा, ते पुढे सांगणारच आहे. पण तुमच्यापैकी कोणी असे पिल्लू आणायच्या विचारात असेल, तर त्याने आधी या चार गोष्टी ऐकाव्यात आणि मगच टोपली हाती घ्यावी.

हा कुत्रा मुळात कशासाठी घडला?

टेरियर हा शब्द जमिनीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला. जमिनीत शिरणारा कुत्रा, असा त्याचा अर्थ. इंग्लंड-स्कॉटलंडच्या शेतकऱ्यांनी आणि शिकाऱ्यांनी हा कुत्रा बिळात घुसून उंदीर, कोल्हे यांना हुसकून बाहेर काढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून तयार केला. शहरांत सध्या जो जॅक रसेल टेरियर दिसतो, त्याचे नाव इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या जॉन रसेल या पाद्र्यावरून पडले. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून पुढे आपली जात वाढवली. यॉर्कशायर टेरियर, ज्याला आज लोक रेशमी केसांचा शोभेचा कुत्रा समजतात, तोसुद्धा मूळचा तिकडच्या विणकरांच्या घरातला आणि गिरण्यांतला उंदीरमाऱ्याच.

जुन्या पिढीतल्या वाचकांनी एक टेरियर नक्की पाहिलेला आहे. एच.एम.व्ही.च्या तबकडीवर कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला तो कुत्रा आठवतो ना? त्याचे नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तो जन्मला. धनी वारल्यावर तो धन्याच्या भावाकडे राहिला. हा भाऊ फ्रान्सिस बॅरो चित्रकार होता. निपर गेल्यावर त्याने ते चित्र काढले आणि १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते विकत घेतले. चित्रात निपर किती शांत, किती आज्ञाधारक दिसतो! पण घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटऱ्यांना तो चावे घ्यायचा म्हणून त्याचे नाव निपर पडले, असे सांगतात. टेरियरचा स्वभाव असा आहे. चित्रात एक, अंगणात दुसरा.

तेव्हा पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. अंगाने लहान म्हणून हा खेळण्यातला कुत्रा नव्हे. हा कामकरी कुत्रा आहे. पाच-सहा किलोच्या देहात बैलाची जिद्द घेऊन तो जन्माला येतो.

घरात आणि अंगणात काय घडेल?

तो उकरील. तुळशीवृंदावनाच्या बुडाशी, परसातल्या आळूत, नव्या लावलेल्या रोपांच्या वाफ्यात, जिथे मऊ माती दिसेल तिथे उकरील. मारून हे सुटत नाही, कारण ते त्याच्या रक्तातच आहे. उपाय एकच. परसाचा एक कोपरा त्याला द्यावा, तिथे वाळू टाकावी आणि अधूनमधून भाकरीचा तुकडा पुरून ठेवावा. इतरत्र उकरू लागला की उचलून तिथे नेऊन सोडावे. महिन्या-दोन महिन्यांत त्याला आपली जागा कळते.

तो भुंकेल. पानाची सळसळ झाली तरी भुंकेल. राखणीला हे बरे, पण शेजारी घर लागून असेल तर आधी शेजाऱ्यांचा विचार घ्या.

तो कोंबड्यांच्या मागे लागेल. ज्यांच्या दारात दहा-वीस गावठी कोंबड्या आहेत, त्यांनी याचा फार गांभीर्याने विचार करावा. फडफडणारे, पळणारे लहान जीव दिसले की टेरियर स्वतःला आवरू शकत नाही. अगदी लहानपणापासून पट्टा लावून कोंबड्यांजवळ बसवले तर पुष्कळसे शिकतो, पण दार उघडे टाकून निर्धास्त बाजारला जावे इतका भरवसा कधी धरू नये. ससे पाळणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये.

तो गोठ्यातही नाक खुपसेल. गाय नुकतीच व्यालेली असेल आणि हा वासरापुढे जाऊन भुंकू लागला, तर गाईची एक लाथ त्याला पुरे होते.

आणि त्याला दिवसभर साखळीला बांधून ठेवाल तर तो बिघडेल. रोज निदान तासभर पळणे आणि माणसांचा सहवास या दोन गोष्टी त्याला भाकरीइतक्याच लागतात. बांधलेला टेरियर सतत भुंकतो, साखळी चावतो आणि पुढे घरच्यांवरही गुरगुरू लागतो. मग आपण म्हणतो, कुत्रा खोडकर निघाला!

लहान मुलांच्या घरी

मुलांशी तो मनसोक्त खेळतो, पण शेपूट ओढलेली, कान पिळलेला त्याला खपत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला आणि टेरियरला एकटे सोडू नये. तो जेवत असताना किंवा झोपला असताना त्याला हात लावायचा नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवावे.

घरचा कुत्रा असो की गल्लीतला, दात लागला किंवा नुसता ओरखडा आला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि लशीची सगळी इंजेक्शने सांगितलेल्या दिवशी घ्यावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस हाती लागत नाही. लस मात्र वेळेवर आणि पूर्ण घेतली तर जीव वाचतो.

शेतकऱ्याच्या घरातले धोके

शहरातल्या सदनिकेत टेरियरला जे धोके नसतात ते आपल्याकडे दारातच असतात. आणि याचे धाडस त्याला नेमके त्यांच्याच तोंडी नेऊन सोडते.

पहिला धोका सापाचा. बीळ दिसले की तोंड घालायचे, हा याचा धर्म. बिळात उंदीर असतो तसा उंदराच्या मागे आलेला नाग किंवा घोणसही असते. चावा बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर बसतो. अशा वेळी दोरी आवळणे, चिरा देणे, मंत्र घालणे यात वेळ दवडू नये. कुत्र्याला फार हालू न देता उचलून थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरची लस कुत्र्यालाही लागू पडते, मात्र ती वेळेत मिळाली पाहिजे. जवळपास ती कोणाकडे असते, याची चौकशी कुत्रा आणण्यापूर्वीच करून ठेवलेली बरी.

दुसरा धोका बिबट्याचा. जुन्नर, अकोले, संगमनेर या ऊसपट्ट्यातल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको. अकोले भागात बिबट्याच्या खाण्याचा शास्त्रीय अभ्यास झाला, त्यात पाळीव आणि मोकाट कुत्री हेच त्याचे सर्वांत मोठे भक्ष्य असल्याचे आढळले. अशा गावी टेरियरला रात्री ओट्यावर बांधणे म्हणजे बिबट्याला दाराशी जेवायला बोलावणे. तिन्हीसांजेनंतर त्याला घरात घ्यावे आणि दार लावावे.

तिसरा धोका आपल्याच स्वयंपाकघरात आणि शेतमालात असतो. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. आपण कौतुकाने मटणाचा रस्सा भाकरीवर ओततो, त्यात कांदा-लसूण भरपूर असतो. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि आपला कुत्रा त्यांतला आहे की नाही हे आधी कळत नाही. मोठ्या कुत्र्याला कदाचित निभेल तेवढा घास पाच किलोच्या जिवाला भारी पडतो. तेव्हा नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांनी बेदाण्याच्या शेडमध्ये आणि कांद्याच्या चाळीत त्याला मोकळे सोडू नये. चॉकलेटही देऊ नये. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून आतड्यात टोचतात, तीही टाळावीत. नुसत्या दूध-भाकरीवर हा कुत्रा धड वाढत नाही. उकडलेले अंडे, कांदा-लसणाशिवाय शिजवलेले मांस, थोडी डाळ आणि भात किंवा भाकरी असे त्याला द्यावे.

आणि चौथा धोका विषाचा. इथे मला बंड्याची गोष्ट सांगावी लागेल.

बंड्या कसा गेला?

बंड्या आला तेव्हा धान्याच्या खोलीत उंदरांचा सुळसुळाट होता. वर्षभरात त्याने पुष्कळ आवर घातला. एकदा घुशीशी झुंजून ओठ फाडून घेतला, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बिळापाशी हजर! दुसऱ्या वर्षी सोयाबीन घरात आले, पोती छपरापर्यंत लागली, उंदीर पोत्यांच्या मागे गेले आणि बंड्याला तिथे शिरता येईना. आम्ही दुकानातून विषाच्या रंगीत वड्या आणल्या आणि पोत्यांच्या मागे, कुत्र्याचे तोंड जाणार नाही अशा जागी ठेवल्या.

कुत्र्याचे तोंड तिथे गेले नाही. उंदरांनी मात्र त्या वड्या ओढत खोलीभर आणल्या. विष खाल्लेले उंदीर सुस्त होऊन बाहेर पडू लागले, ते वेगळेच. बंड्याने वडी खाल्ली की उंदीर, हे आम्हाला कधीच कळले नाही. दोन-तीन दिवस तो अगदी नेहमीसारखा होता. चौथ्या दिवशी जागचा उठेना. ऊन लागले असेल म्हणून आम्ही त्याला ताक पाजले. पाचव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आले. हिरड्या पाहिल्या तर कागदासारख्या पांढऱ्या. दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात उंदराचे औषध ठेवले होते का?"

त्यांनी समजावून सांगितले ते असे. या वड्यांतले विष रक्त गोठू देत नाही. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, तीन ते पाच दिवसांनी दिसतो, आणि तोवर आतल्या आत रक्तस्राव सुरू झालेला असतो. यावर जीवनसत्त्व 'के' हा उतारा आहे. वेळेवर सुरू करून काही आठवडे दिला तर कुत्रा वाचतो. बंड्याला इंजेक्शन दिले, पण फार उशीर झाला होता. त्याच रात्री तो गेला. धाकटी पोर विचारत राहिली, "आपण उंदरांसाठी बंड्याला आणले होते ना, मग औषध कशाला ठेवले?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून मी सांगतो, उंदीरमाऱ्या कुत्रा आणि उंदराचे विष या दोन गोष्टी एका घरात नांदत नाहीत. दोन्हींतले एकच निवडावे लागते. टेरियर आणणार असाल तर आधी घरातले विष काढा. पिंजरे लावा, धान्य पत्र्याच्या कोठ्यांत भरा, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळ्यांवर रचा, दाराच्या फटी पत्र्याने बंद करा. शेजारच्या घरीही विष ठेवत असतील तर त्यांना सांगून ठेवा.

इतके करूनही कुत्र्याने विष खाल्ल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून ओकवण्याचा प्रयत्नही करू नका. विषाचे पाकीट बरोबर घेऊन त्याच तासाला दवाखाना गाठा, कारण विष कोणते यावर उपचार ठरतो. राखी-काळ्या भुकटीचे झिंक फॉस्फाइड काही तासांतच जीव घेते आणि त्यावर थेट उताराच नाही.

पिल्लू निवडताना

मोबाईलवरचे चित्र पाहून पैसे पाठवू नका. स्वतः जा आणि पिल्लाची आई पाहा. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. आई अंगावर धावून येणारी, भित्री किंवा खंगलेली असेल तर परत फिरा. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार मनाई आहे, आणि पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. बैल घेताना आपण दात पाहतो, तसेच हे.

पूर्ण पांढऱ्या पिल्लांत कधी कधी बहिरेपणा असतो. त्याच्या पाठीमागे ताट वाजवून पाहा, वळले पाहिजे. शेपूट छाटलेले पिल्लू मागू नका. त्यात कुत्र्याचा काही फायदा नाही, नुसती वेदना आहे. मोठेपणी डोळा अचानक लाल किंवा धुरकट झाला तर थांबू नका. टेरियरमध्ये डोळ्यातले भिंग जागचे सरकण्याचा आजार आढळतो आणि एक-दोन दिवसांच्या दिरंगाईने दृष्टी जाते.

लांब केसांचा यॉर्कशायर आपल्या चिखल-काट्यांत, गोखरूंत टिकायचा नाही. त्याला रोज विंचरावे लागते. शेतावरच्या घराला आखूड केसांचाच बरा. आणि टेरियर म्हणजे लहानच असेही समजू नका. बुल टेरियर, पिट बुल टेरियर हे अंगापिंडाने दणकट आणि वेगळ्या कामासाठी वाढवलेले कुत्रे आहेत. नाव सारखे म्हणून गफलत नको.

औषधपाण्याचे वेळापत्रक

सहा ते आठ आठवड्यांचे असताना पिल्लाला पहिली एकत्रित लस द्यावी आणि चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढची द्यावी. पार्व्हो या रक्ताच्या जुलाबाच्या रोगात लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, मग तिची दुसरी मात्रा आणि पुढे दरवर्षी. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पावसाळ्यात माणसांनाही होतो, म्हणून उंदीर मारणाऱ्या कुत्र्याला त्याची लस अवश्य द्यावी.

जंताचे औषध सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर दर तीन महिन्यांनी द्यावे. गावात बकरे कापले की कच्ची आतडी, फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकतात, ती टाकू देऊ नका. त्यातून एक बारीक पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून घरच्या माणसांपर्यंत पोहोचली, तर यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

गोचीड रोज संध्याकाळी हाताने पाहून काढावेत. कान आणि बोटांच्या बेचक्या विसरू नका. गोठ्यात फवारायचे गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यावर ओतू नये, आणि माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्याही त्याला देऊ नयेत.

कुत्री असेल तर वेळीच तिची नसबंदी करून घ्यावी. लहान चणीच्या कुत्रीला गावातल्या थोराड कुत्र्यापासून गर्भ राहिला तर पिल्ले अडतात आणि तिचाच जीव धोक्यात येतो.

शेवटी स्वतःला विचारा

टेरियर साधारण तेरा ते पंधरा वर्षे जगतो. आज पहिलीत असलेला तुमचा मुलगा कॉलेजात जाईल, तेव्हा हा म्हातारा होऊन तुमच्या ओट्यावर पडलेला असेल. मुलांचा हट्ट सहा महिन्यांचा असतो, कुत्रा बारा-पंधरा वर्षांचा. त्याला रोज फिरवणार कोण? पेरणी-काढणीच्या घाईत त्याच्याकडे पाहणार कोण? तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याचा खर्च वर्षानुवर्षे झेपेल का? कोंबड्यांची सोय कशी लावणार? घरातले विष काढायला सगळे तयार आहेत का?

उत्तरे पटकन येत नसतील तर थांबा. केवळ राखण हवी असेल तर आपल्या मातीतले गावठी पिल्लू सरस. ऊन-पाऊस सोसते, आणि त्याच्यासाठी हजारो रुपये मोजावे लागत नाहीत. लस, जंताचे औषध आणि माया मात्र त्यालाही तितकीच द्यावी.

आमच्या घरी आज पुन्हा एक टेरियर आहे. बंड्यानंतर तीन वर्षे आम्ही कुत्रा आणला नाही. आधी पत्र्याच्या कोठ्या आणल्या, चार पिंजरे आणले, दाराच्या फटी बुजवल्या. मग धाकटीनेच सांगितले, "आता आणू या." नवा रात्री घरात झोपतो, सकाळी धान्याच्या खोलीत एक फेरी मारून येतो आणि उंदीर मिळाला नाही की आमच्याकडे अशा नजरेने पाहतो, जणू त्याचे काम आम्हीच हिरावून घेतले!

तुमच्या घरी येणाऱ्या पिल्लाला असेच भरपूर आयुष्य लाभो.